बाहेरचं काम ओरेस्टचं

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी कान देते. ओरेस्टच्या तोंडावरचं मशीन चालू असलं की त्याचा सुस्कारा ऐकू येतो. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. हीटरचा पंखाही गप्प होता. खिडकीतून जेमतेम उजेड येत होता आणि ट्रेलरमध्ये, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरात, इतकं गार पडलं होतं की माझ्या श्वासाची वाफ मला दिसत होती. त्याच्या श्वासाची दिसत नव्हती.

मी त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर आली, खाली गेली आणि तशीच राहिली. माझा हात तिथेच. मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करत त्याने एकदम हवा ओढली. मी त्याला कोपराने ढोसलं.

"काय गं?"

"मशीन बंद पडलंय."

"परत?"

"परत. ऊठ आणि बसून राहा. डोळा लावू नकोस."

"म्हातारे, अजून धड उजाडलंही नाही."

"नसू दे. ऊठ."

उन्हाळ्यात त्याला हार्ट अटॅक आला. त्यातून सावरला, पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की झोपेत याचा श्वास मधूनमधून थांबतो. त्यांनी त्याला ते हसत हसत सांगितलं आणि मग मला बाहेर बोलावून न हसता सांगितलं. आता याच्या हृदयाला हे झेपणार नाही, मशीनशिवाय एक रात्रसुद्धा झोपू देऊ नका. अ‍ॅरिझोनाला जायचं तर जा, पण विजेची खात्री असेल तरच. मी म्हटलं, आमच्या छपरावर सोलर पॅनेल आहे, बॅटरी आहे, गेली कित्येक वर्षं सगळा हिवाळा त्यावरच काढतो. मी छातीठोकपणे सांगितलं. आणि वाळवंटात पोचल्या दिवसापासून बॅटरी रोज पहाटे मरत होती.

दिवसा ती ठणठणीत. ऊन चढलं की भरायला लागायची, दुपारी काठोकाठ भरायची. संध्याकाळी मी दिवा लावायची तेव्हाही भरलेली. रात्री मशीन लावून ओरेस्ट झोपायचा आणि पहाटे केव्हातरी सगळं थंड. रात्रीतून इतकी वीज कोण पीत होतं ते कळायला मार्ग नव्हता. आधी वाटलं, बॅटरी म्हातारी झाली. गावात जाऊन नवी आणली. तीही पहिल्याच रात्री झोपली. मग एक रात्र मशीन पिकअपच्या जुन्या बॅटरीवर चालवलं, तर सकाळी पिकअप चालू होईना. आजूबाजूला वाळू आणि निवडुंग, त्यात बिघडलेलं हृदय आणि न चालणारी गाडी. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून ती कशीबशी चालू करून घेतली. गावात वीज जोडून देणाऱ्या जागा आहेत, तिथेही जाऊन आले. जानेवारीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझं नाव लिहून घेतलं आणि मार्चमध्ये बघू म्हणाले.

त्यात आमचा डार्सी. मुलगा चांगला आहे, पण फोनवर त्याचा आवाज हल्ली शाळेच्या मुख्याध्यापकासारखा येतो.

"आई, बाबांचं मशीन काल रात्री चाललं का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे पहाटेपर्यंत."

"बास. मी शनिवारी विमानाने येतो. ट्रेलर तिथेच कुणालातरी विकून टाकू. तुम्ही दोघं माझ्याकडे या. तळघर रिकामंच आहे, मी टीव्हीही लावून ठेवलाय."

तळघर मी पाहिलंय. त्याला एकच खिडकी आहे, तीही छताला लागून, आणि हिवाळाभर तिच्यावर बर्फ असतो. ओरेस्टला तिथे टीव्हीपुढे बसवलं तर मशीन अखंड चालेल यात शंका नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्या काचेतून रस्ता बघितला, तो त्या भिंतीकडे किती दिवस बघेल? मला भीती दोन्हीकडून होती. इथे राहिलो तर एखाद्या पहाटे तो श्वास घ्यायचा राहून जाईल, आणि घरी नेला तर आतून विझेल. शनिवारच्या आत हा विजेचा चोर सापडला तरच दोन्ही टळणार होतं.

आमचा शेजारी लाइल. ओरेगनचा, सडाफटिंग, बरोबर हेझल नावाची म्हातारी कुत्री. लाइल विम्याचा एजंट होता. त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीतलं थोडं थोडं कळतं, आणि प्रत्येक गोष्टीत काय काय बिघडू शकतं हे मात्र पुरतं कळतं. त्याच्याकडे चिमट्यासारखा एक मीटर आहे. तारेला नुसता अडकवला की तारेतून किती वीज जाते ते दाखवतो. तो गळ्यात अडकवून डॉक्टरसारखा आमच्या दारात उभा राहिला.

"वर्नाबाई, सगळं बंद करा. एकूण एक."

मी दिवे बंद केले, पंप बंद केला, फ्रिज बंद केला. त्याने बॅटरीच्या तारेला मीटर अडकवला.

"किती?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणजे गॅस गळला तर वाजणारा भोंगा चालू आहे तेवढंच. मुंगीच्या पोटाला पुरणार नाही इतकं."

"मग रात्री काय होतं?"

"रात्री काहीतरी जागं होतं," लाइल म्हणाला, आणि हा असंच बोलून विमा विकत असणार, असं मला वाटलं.

मग आम्ही रीतसर मागे लागलो. एका रात्री रेडिओचा फ्यूज काढून ठेवला. दुसऱ्या रात्री फ्रिजचा. मग पंपाचा, मग छतावरच्या पंख्याचा, मग दिव्यांचे सगळे. मेणबत्तीच्या उजेडात बोर्श्ट, आमचं बीटचं सूप, प्यायलो. ओरेस्ट म्हणाला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी हिला मेणबत्त्या सुचल्या. मी हसले नाही. पहाटे मशीन बंदच होतं.

आमच्याकडे बॅटरी मरते ही बातमी पसरली आणि संध्याकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन लोक यायला लागले. एकाच्या मते सोलर पॅनेल रात्री उलटी वीज ओढतं. एक बाई म्हणाली, तिच्या नणंदेच्या ट्रेलरमध्ये उंदराने वायर खाल्ली होती. प्रत्येकाला माझा कुबासा सॉसेज खायचा होता आणि बदल्यात मत द्यायचं होतं. मी सॉसेज कापत होते आणि मनात एकच, आज रात्री पुन्हा जागं राहायचं. रात्र रात्र मी त्याच्या उशीशी बसून असायची. डुलकी लागली की पहाटे धडपडून उठायची.

ओरेस्टला वेगळंच सुचलं.

"मशीनच खातंय सगळं," तो म्हणाला. "मशीनच्या आधी होतं का असलं काही? नको मला ते. मी खुर्चीत बसून झोपतो. ट्रकमध्ये वर्षानुवर्षं बसून झोपलोय."

"तेव्हा तुझं हृदय धड होतं."

"आत्ताही आहे."

"ओरेस्ट, तू मशीन काढून ठेवलंस तर मी स्वतः डार्सीला सांगेन की शनिवारची वाट बघू नकोस, आजच ये."

माझ्या तोंडाला तेव्हा धार आली होती. झोप नसली की येते. लाइलवर ओरडले, खुर्चीवाल्यांवर ओरडले. त्यांच्यातल्या एकाला तर म्हटलं, तुमच्या मताने दिवा लागत असेल तर इथे बसा, नाहीतर सॉसेज ठेवा खाली.

इथे आमच्या कामाच्या वाटणीबद्दल सांगायला हवं. ट्रेलरवाल्या जोडप्यांत ती लग्नाहून पक्की असते. आतलं काम माझं, बाहेरचं ओरेस्टचं. जागेवर पोचलो की तो पिकअप सोडवतो, ट्रेलर हलू नये म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावतो, कोपऱ्यांचे पाय लांब दांडीने फिरवून खाली करतो. मी आत कपाटांना बांधलेल्या दोऱ्या सोडते, भांडी लावते. तो बाहेर काय करतो ते मी बघत नाही, मी आत काय करते ते तो बघत नाही. ट्रेलर जोडत किंवा सोडवत असलेल्या माणसाशी बोलायचंही नसतं. बोलण्याच्या नादात एखादी कडी लावायची राहते आणि मग हमरस्त्यावर फजिती होते. ट्रेलर ज्याने पिकअपला जोडतात त्या पुढच्या दांड्याला तर दुसरं कुणी हात लावत नाही. त्यातून ओरेस्ट धान्याचे ट्रक चालवून निवृत्त झालेला. त्याचं बाहेरचं काम तपासायचं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवायची.

यंदाची जागा छान होती, फक्त जराशी उतरती. उतार थेट ओढ्याकडे. ओढा कोरडा, पण खोल. पहिल्याच दिवशी मी खिडकीतून ओरडले होते, "ठोकळे नीट लाव हं. नाहीतर सकाळची कॉफी ओढ्यात जाऊन प्यावी लागेल."

"लावले, लावले," बाहेरून आवाज आला.

मग त्याने चाकांवर झगे चढवले. झगे म्हणजे पांढऱ्या कापडाच्या खोळी, मीच शिवल्यात. उन्हाने टायर तडकू नयेत म्हणून इथे सगळेच चाकं झाकतात. या वेळी त्याने ते दारावरचं कापडी छप्पर ओढायच्या काठीच्या आकड्याने, उभ्या उभ्याच, वरून टाकले. मला गंमत वाटली.

"हे काय नवीन नखरे?"

"वाकायचं कशाला? माणसाने डोकं वापरावं," तो म्हणाला.

शुक्रवार उजाडला. डार्सीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. लाइल आला तेव्हा त्याचाही चेहरा पडला होता.

"वर्नाबाई, आज शेवटचा उपाय. सगळेच फ्यूज काढू. तुमचं मशीन माझ्या छोट्या बॅटरीवर लावा, माझी बॅटरी जेमतेम एकच रात्र पुरेल. मीटर इथेच तारेला अडकवून ठेवतो. सगळे फ्यूज काढूनही तुमची बॅटरी मेली, तर चोर फ्यूजच्या पेटीच्या बाहेरचा."

"आणि सापडला नाही तर?"

"तर तुमचा मुलगा शहाणा आहे असं समजायचं."

मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

संध्याकाळी लवकर जेवायला बसलो. सूर्य डोंगराआड गेला की इथे थंडी अंगावर धावून येते. जेवायच्या तासभर आधी ओरेस्ट नेहमीप्रमाणे बाहेर एक फेरी मारून आला. ट्रकवाल्यांची सवय ती, झोपायच्या आधी गाडीभोवती फिरायचं आणि उठल्यावर परत फिरायचं. आत आला तो धापा टाकत. मी कोबीचे रोल वाढले. सॉसेजचे तुकडे उरले होते ते हेझलला द्यावेत म्हणून बाहेर आले.

हेझल रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची आणि चाकाला पाठ लावून झोपायची. मला वाटायचं, सॉसेजचा वास. तिचे मागचे पाय सांध्यांनी आखडलेले, बिचारी हळू हळू चालत येते. त्या दिवशीही ती झग्याला चिकटून पडली होती. मी वाटी ठेवली तर तिने नुसती शेपटी हलवली. सॉसेज सोडून उठेना. कुत्री सॉसेज सोडते म्हणजे काय, असं म्हणून मी तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि हात तिच्या पाठीवरून झग्याला लागला.

झगा कोमट होता.

सूर्य जाऊन बराच वेळ झाला होता, दगडसुद्धा गार पडले होते. मी झगा वर उचलला आणि चाकाच्या मधोमध हात लावला. नुकतीच चुलीवरून उतरवलेली किटली थोडी निवल्यावर लागते तसं ते लागलं. पलीकडच्या चाकाकडे गेले, तेही तसंच. उभ्या असलेल्या गाडीची चाकं कशाने तापतात? मी तिथेच उकिडवी बसले. आमच्या ट्रेलरचे ब्रेक विजेवर लागतात, एवढं मला माहीत होतं. ब्रेकला वीज मिळाली की आतलं लोहचुंबक तापतं. म्हणजे ब्रेक लागलेले होते. उभ्या ट्रेलरचे, पिकअप जोडलेली नसताना.

मी पुढे दांड्यापाशी गेले. दांड्यावर एक छोटी डबी असते. तिच्यात एक पिन बसवलेली आणि पिनेला बारीक तार. प्रवासात ती तार पिकअपला अडकवायची. चुकून ट्रेलर रस्त्यात सुटलाच, तर तार ताणली जाऊन पिन निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही काही नाही. ती पिन बाहेर लोंबत होती.

लाइलचा मीटर शेजारीच बॅटरीच्या तारेला अडकवलेला होता. त्यावर सहा अँपिअर दिसत होते. मी पिन डबीत दाबली. शून्य. परत ओढली. सहा. परत दाबली. शून्य. मला रडू यायला लागलं, आनंदाने. इतक्या दिवसांचा चोर बोटाएवढ्या पिनेत बसला होता. इथे चारचाकी बाइकवर धूळ उडवत फिरणाऱ्या पोरांपैकीच कुणीतरी ओढली असणार, असं वाटलं. शिव्याही तयार झाल्या. मग लक्षात आलं, दिवसा लाइलने मोजलं तेव्हा शून्य होतं. कुणीतरी रोज संध्याकाळी ओढतं आणि रोज सकाळी परत बसवतं. पोरं चोरी करतील, पण सकाळी नेमाने येऊन परत ठेवणार नाहीत.

आणि मग झग्याखाली काय नव्हतं ते मला दिसलं. हात लावताना चाक दिसलं होतं, वाळू दिसली होती, पण ठोकळा दिसला नव्हता.

मी आत गेले. ओरेस्ट दाराकडे पाठ करून जेवत होता. मी आयुष्यभर केस कापले आहेत, लोकांच्या पाठीमागे उभं राहून. आरशातला चेहरा हवं ते सोंग आणतो, पण मान सोंग आणू शकत नाही, ती लगेच खरं सांगते.

"ओरेस्ट, सापडलं."

"काय?"

"कुणीतरी दांड्यावरची पिन काढतं. रात्रभर ब्रेक लागून राहतात. तेच बॅटरी खातात."

त्याची मान कानांपर्यंत लाल झाली. चमचा ताटातच राहिला.

"ठोकळे कुठे आहेत?" मी विचारलं.

त्याने पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"ओरेस्ट."

"बादलीत."

"कुठल्या?"

"पिवळ्या. मागच्या डिक्कीत. बांधलेलेच आहेत."

मी त्याच्यासमोर बसले. तो माझ्याकडे बघेना, कोबीच्या रोलकडे बघून बोलायला लागला. "ट्रकमध्ये पिवळं बटण ओढलं की ब्रेक लागतो. मग इंजिन बंद करा, आठवडाभर जा कुठेही, तो लागलेलाच राहतो. काही खात नाही. मी असाच झोपत आलोय. मला वाटलं, ही पिनही तसलीच."

"तिथे आत स्प्रिंग धरून ठेवते. इथे वीज धरते."

"मला काय माहीत? मी कधी आयुष्यात ही पिन ओढली नव्हती."

"मग आता का ओढलीस?"

"उतार आहे ना. दिवसा मी बाहेरच बसलेला असतो, लक्ष असतं. रात्री तू आत झोपतेस. म्हणजे तू झोपायचीस. हल्ली बसूनच असतेस."

मग त्याने मशीनकडे बघितलं. उशीवर त्याचा तोंडाला लावायचा मुखवटा पडला होता, त्याची नळी लोंबत होती. ट्रकवाल्याला हिशोब कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे माझंच मशीन मी बंद करत होतो."

"हो."

"रोज."

"हो, रोज."

"आणि तू उशाशी बसून राहायचीस."

राग इतका आला होता की तो उचलून कुणावर फेकावा ते कळेना, आणि त्याच वेळी त्याच्या त्या लाल मानेवर हात ठेवावासा वाटत होता.

"ठोकळे का नाही लावलेस?"

"लावायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी. गुडघ्यावर बसलो, आणि उठता येईना. धाप लागली, डोळ्यांपुढे काळं. चाकाला धरून तसाच बसून राहिलो. तू आत भांडी लावत होतीस, गुणगुणत होतीस. हाक मारणार होतो."

"मग?"

"हाक मारली असती तर तू डार्सीला फोन केला असतास."

"केला असता."

"म्हणून."

बाहेर हेझल उठून चालायला लागल्याचा आवाज आला. तेवढ्यात फोन वाजला. डार्सीच. सामान भरून झालंय, सकाळचं विमान वेळेवर आहे, बाबांचे गरम कपडे एका पिशवीत वेगळे काढून ठेव.

"डार्सी, सापडलं," मी म्हटलं. "बॅटरी कोण खात होतं ते सापडलं."

"खरंच? काय होतं?"

मी तोंड उघडलं. एक तार सैल होती, एवढंच म्हणायचं होतं. ओरेस्टने टेबलावरून हात पुढे केला. मी फोन दिला.

"डार्सी, मी होतो," तो म्हणाला. "रात्री ब्रेक लावून ठेवत होतो. विजेवर लागतात हे मला ठाऊक नव्हतं. ठोकळे लावायला हवे होते, पण मला वाकता येत नाही. वाकलो की उठता येत नाही. आईला सांगितलं नव्हतं."

मग डार्सीचा आवाज आला, आणि तो मुख्याध्यापकाचा नव्हता. लहानपणी मांजर हरवलं होतं तेव्हाचा होता.

"बाबा, मग आता?"

"आता तुझी आई वाकेल."

"आणि आईला नाही जमलं तर?"

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं. "तर तुला फोन करू. खोटं नाही बोलणार."

डार्सी म्हणाला, तिकीट पुढे ढकलतो, पण सकाळी मशीन चालू आहे असं आईच्या तोंडून ऐकल्यावरच. आणि ठोकळे आत्ता लावा. फोन ठेवल्यावर ओरेस्टने उरलेला रोल संपवला. मीही संपवला. किती दिवसांनी मला जेवणाची चव लागली.

मग कोट घालून आम्ही बाहेर गेलो. पूर्ण अंधार पडला होता. लाइलच्या खिडकीत दिवा होता, त्याला सकाळी सांगायचं ठरवलं, नाहीतर आत्ता खुर्ची घेऊन आला असता. मी डिक्कीतून बादली काढली, मागच्या वर्षीची गाठ सोडली. ओरेस्टने टॉर्च धरला आणि सूचना सुरू केल्या.

"उताराकडच्या बाजूने लाव. अगदी टायरला भिडव."

"कळतं मला."

"कळतं तर इकडे काय करतेस, पलीकडून लाव. तिरका नको. सरळ. पायाने मार."

"तू टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यांत नको."

मी झगा वर केला आणि गुडघ्यांवर बसले. चाक अजून थोडं कोमट होतं. हेझल परत आली होती. तिने चाकाला नाक लावलं, जरा वेळ विचार केल्यासारखी थांबली आणि लाइलच्या ट्रेलरकडे निघून गेली. मी ठोकळा आत सरकवला, तळहाताने ठोकला, टायरला भिडवला. छान बसला. मग उठायला गेले, आणि उजवा गुडघा उठेना.

दुखलं असं नाही. नुसता उठेना. मी चाकाला धरलं. वाळू गार होती. आधी वाटलं, थंडीने असेल. झोप नाही म्हणून असेल. टॉर्चचा उजेड माझ्या पाठीवर होता, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. माझी मान मात्र दिसत असणार, पण तिच्यावर कोटाची कॉलर होती.

"झालं का?" ओरेस्टने विचारलं.

"होतंय."

"इतका वेळ?"

"नीट बसवतेय," मी म्हटलं. "तुझ्यासारखं वरवरचं काम नाही करत मी."

तो हसला. मशीन नसलं तरी तो हसला की त्याचा श्वास मोकळा वाटतो. मी चाकावर सगळा भार टाकला, डावा पाय खाली घेतला आणि कशीबशी उभी राहिले. गुडघ्याची वाळू झटकायच्या निमित्ताने थोडा वेळ वाकून राहिले.

"आता दुसऱ्या बाजूचा पण लाव, वर्ना," तो म्हणाला.

"हो, आले," मी म्हटलं.